हरणं बघायचं तिकीट

कृष्णराजला आजवर सतरा मुलींनी नकार दिला होता, आणि त्यातल्या एकीनंही त्याचं तोंड बघितलं नव्हतं. बायोडाटात 'व्यवसाय : शेती' एवढं वाचलं की कागद आल्या वाटेनं परत जायचा. वय तेहेतीस, अठरा एकर रान, दोन विहिरी, अंगानं धडधाकट, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. त्याची आई कमलबाई म्हणायची की पोरानं एखादं व्यसन तरी लावून घ्यायला हवं होतं, म्हणजे नकाराला कारण तरी दाखवता आलं असतं.

अठराव्या खेपेला महांतप्पा मधे पडले. महांतप्पा म्हणजे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. पस्तीस वर्षं हायवेवर तिकिटं फाडली, त्यामुळं उमरग्यापासून येरमाळ्यापर्यंत कुठल्या थांब्यावर कुणाच्या घरी लग्नाची पोरगी आहे आणि कुणाच्या घरी पोरगा, हे त्यांना तोंडपाठ होतं. लग्नं जुळवताना ते खोटं बोलत नसत, असं त्यांचं म्हणणं. खरं असतं ते फक्त पुढच्या स्टॉपला उतरवायचं.

उमरग्याकडच्या गोरोबांची मुलगी होती, वर्षाराणी. पुण्याच्या कंपनीत, सध्या घरून काम. त्या घरची अट एकच होती, मुलगा नोकरीवाला पाहिजे, शेतकरी असेल तर फोटोसुद्धा पाठवू नका. हा फोन आला तेव्हा महांतप्पा कृष्णराजच्या वडिलांच्या, म्हणजे आण्णासाहेबांच्या बांधावर उभे होते आणि समोर 'जंगल-मंगल फॅमिली सफारी पार्क' अशी भली मोठी पाटी दिसत होती. त्यांनी पाटीकडं बघितलं आणि फोनमध्ये सांगून टाकलं, "मुलगा सफारी पार्कात मोठा साहेब हाय." समोर साखर कारखान्याची चिमणी असती तर कृष्णराज केमिस्ट झाला असता.

गोरोबा म्हणाले, मग घरी कशाला, पार्कातच बघू. आमच्या पोरीलाही जनावरं दिसतील. येत्या रविवारी येतो.

आता या पार्काबद्दल सांगायला पाहिजे. येडशीच्या अलीकडं डोंगराच्या पायथ्याला, आण्णासाहेबांच्या रानापासून तीन शेतं सोडून तो उभा राहिला त्याला चार वर्षं झाली. आत आकाशपाळणा होता, पाण्याची घसरगुंडी होती, एक उंट, सहा इमू, डोळे मिटून उभी राहणारी दोन तट्टं आणि फायबरचा सिंह होता. खरी सफारी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला झेब्र्याचे पट्टे मारून लोकांना डोंगराच्या कडेनं फिरवायचं आणि तिथली रानातली मोकळी हरणं दाखवायची. हरणांनी जवळ यावं म्हणून पार्कवाल्यांनी सिमेंटचा हौद बांधला होता आणि शेजारी मिठाचे खडे ठेवले होते. त्यामुळं पंचक्रोशीतली हरणं पाणी पार्कात प्यायची आणि जेवायला आण्णासाहेबांच्या रानात यायची.

त्यांना हाकलायचं काम कृष्णराजचं. सतराव्या वर्षी तो राखणीच्या माळ्यावर चढला तो अजून उतरला नव्हता. दिवसा हरणं, रात्री रानडुकरं. पार्काचं तिकीट चारशे रुपये होतं आणि आण्णासाहेबांनी शपथ घेतली होती की जी हरणं आपण रोज फुकटात, आई-माईवरून शिव्या देत बघतो, ती बघायला आपल्या घरातला माणूस दमडी मोजणार नाही. ती शपथ आता पोराच्या लग्नापायी मोडायची पाळी आली. आण्णासाहेब आठवडाभर कुणाशी नीट बोलले नाहीत.

रविवारी सकाळी राखणीचा प्रश्न निघाला. हरभऱ्याला घाटे धरले होते आणि रान एक दिवसही मोकळं सोडायची सोय नव्हती. कमलबाई म्हणाल्या, मी राहते. आण्णासाहेब म्हणाले, "मुलाची आई दिसली न्हाय की पाव्हण्याला संशय येतो. हितं काय, एका दिसानं रान उठून जात न्हाय." मग बुजगावण्याला कृष्णराजचा जुना शर्ट घातला, डोक्यावर त्याचीच टोपी ठेवली, आणि सगळं घर जनावरं बघायला निघालं.

पार्काच्या गेटवर गावातलाच हरिबा वॉचमन होता. महांतप्पांनी त्याला किलोभर जिलेबी देऊन पढवून ठेवलं होतं, साहेब आले की सलाम ठोकायचा. किलोभर जिलेबीला एक सलाम कमी वाटला म्हणून की काय, हरिबानं कृष्णराजला लागोपाठ तीन ठोकले, आणि आण्णासाहेबांनाही एक ठोकला. कालपर्यंत हाच हरिबा कंपाउंडवर उभा राहून आण्णासाहेबांशी शिव्यांची देवाणघेवाण करत होता. आण्णासाहेबांना सलाम घ्यायची सवय नव्हती, त्यांनी घाबरून उलटा सलाम केला.

गोरोबा आणि वर्षाराणी आधीच येऊन थांबले होते. गोरोबा उंच, काटक, पांढऱ्या टोपीतला माणूस. बोलणं कमी, बघणं जास्त. वर्षाराणीनं निळा ड्रेस घातला होता आणि गॉगल डोक्यावर चढवला होता. तिची आई आली नव्हती. गुडघा धरलाय, असं गोरोबा म्हणाले आणि लगेच आभाळाकडं बघायला लागले.

पहिली पंचाईत खिडकीवरच झाली. साहेबानं स्वतःच्याच पार्काचं तिकीट काढायचं का? कृष्णराज नव्या खाकी शर्टात घामाघूम झाला होता. खिडकीतली पोरगी म्हणाली, किती तिकिटं? गोरोबा बघत होते. कृष्णराजनं गडबडीत सात तिकिटं घेतली, स्वतःचेसुद्धा पैसे दिले आणि म्हणाला, "नियम सगळ्यास्नी सारखा." गोरोबांचा चेहरा एकदम मऊ झाला. आजकाल असे अधिकारी राहिले नाहीत, असं त्यांनी महांतप्पांना हळूच सांगितलं. माणसं मात्र सहाच होती. सातवं तिकीट जास्तीचं निघालं, ते महांतप्पांनी मोजून खिशात घातलं.

आत गेल्यावर आण्णासाहेबांना गप्प ठेवणं हे मोठं काम होतं. इमूसमोर उभं राहून ते म्हणाले, "ह्या कोंबडीला कुणी वढून लांब केलं?" उंटाच्या तोंडाचा फेस बघून म्हणाले, त्याला सुंठ आणि गूळ द्या. फायबरच्या सिंहाच्या पाठीवर एका पोरानं टिकल्या चिकटवल्या होत्या. आण्णासाहेबांनी सिंहाला वाकून बघितलं आणि मादी आहे का नर, एवढंच विचारलं. कमलबाई मागून त्यांचं धोतर ओढत होत्या.

मग झेब्र्याच्या ट्रॉलीत बसून सगळे हरणं बघायला निघाले. ट्रॉली डोंगराच्या कडेनं गेली, हौदापाशी थांबली, परत फिरली. हरणं सोडा, हरणाची लेंडीसुद्धा ताजी दिसेना. ट्रॉलीतल्या एका बाईनं पैसे परत मागितले. ड्रायव्हर म्हणाला, जनावरं आज लाजली आहेत.

"सायेब," गोरोबांनी विचारलं, "हरणं कुठं गेली म्हनायची?"

कृष्णराजनं साहेबी सुरात सांगितलं की वारा खालून वर वाहतोय, माणसांचा वास हरणांना लांबून येतो, आणि या दिवसांत ती उन्हं चढल्यावर जागा बदलतात. यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. सोळा वर्षांत हरणांवर त्याच्याइतकी पीएचडी जिल्ह्यात कुणी केली नसेल. पण बोलता बोलता त्याची मान आपल्या रानाच्या दिशेला वळली. अकरा वाजता हरणं हौदावर नाहीत, उतारावर नाहीत, तर मग कुठं असतात, हे त्याला चांगलं माहीत होतं. त्यानं आण्णासाहेबांकडं बघितलं. आण्णासाहेबांच्याही ते ध्यानात आलं होतं. ते ओठातल्या ओठात काहीतरी मोजत होते.

महांतप्पांना यातलं काही कळलं नाही. त्यांच्या हिशोबानं आता दोघांनी दोन शब्द बोलायची वेळ झाली होती. पूर्वी यासाठी घरातली माडी असायची. महांतप्पांनी दोघांना आकाशपाळण्याच्या एका डब्यात बसवलं, बाहेरून कडी घातली आणि सवयीनं डब्याच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. पाळणा हलला.

"तुमी नेमकं करता काय हितं?" वर्षाराणीनं विचारलं.

"जनावरांवर लक्ष ठेवतो."

"आन ती काय करत्यात?"

"ती माज्यावर ठेवत्यात."

वर्षाराणी हसली. मोकळं हसली, तोंडावर हात न घेता. कृष्णराजला वाटलं, हा पाळणा असाच फिरत राहावा. एवढ्यात डबा वर चढला, झाडं खाली गेली, पार्काचं कंपाउंड खाली गेलं, आणि तीन शेतांपलीकडं त्याचं रान दिसलं.

चाळीसेक हरणं होती. हिरव्या हरभऱ्यात पांगून, मान खाली घालून निवांत चरत होती. पंगत बसावी तशी. एक काळवीट बुजगावण्याला मान घासत होतं. कृष्णराजच्याच शर्टाला.

डबा खाली आला. वर्षाराणी काहीतरी विचारत होती, पुण्याला बदली होते का वगैरे. कृष्णराजनं हो म्हटलं का नाही म्हटलं, त्यालाच कळलं नाही. आपण साहेब आहोत, साहेबाला हरणं आवडतात, साहेबाला शेत नसतं, असं तो मनाला बजावत होता. सतरा नकार आठव म्हणून सांगत होता. डबा पुन्हा वर गेला तेव्हा हरणं विहिरीच्या अंगाला सरकली होती आणि मागं पडलेला पट्टा उघडा दिसत होता. त्यानं डोळे मिटून घेतले.

"चक्कर येती व्हय?" वर्षाराणीनं विचारलं.

"न्हाय."

तिसऱ्या फेरीला डबा अगदी टोकावर आला आणि कृष्णराजच्या हातून सगळं सुटलं. तो ताडकन उभा राहिला, दांडी धरली आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "हुर्रर्र हाऽऽ, हुर्रर्र हाऽऽ." सोळा वर्षं घोटलेला आवाज तो. खाली घसरगुंडीवरची पोरं जागच्या जागी थांबली. रानातल्या दोन-चार हरणांनी माना वर केल्या, इकडं बघितलं आणि परत खाली घातल्या.

वर्षाराणीनं त्याच्याकडं बघितलं. मग तो बघत होता तिकडं बघितलं. मग काहीही न बोलता तिनं गॉगल मांडीवर ठेवला, दोन बोटं जिभेखाली घातली आणि अशी शिट्टी मारली की कृष्णराजच्या कानाचे पडदे हलले. ही शिट्टी पुण्याच्या कंपनीत शिकवत नाहीत. ही राखणीची शिट्टी होती, लांब सुरू होऊन शेवटाला तुटणारी.

खाली पाळणा चालवणाऱ्याला वाटलं, वरचं कुणीतरी जिवाच्या भीतीनं ओरडतंय. त्यानं खटकन बटण दाबलं. पाळणा थांबला, आणि डबा नेमका टोकावर लटकला.

डबा नुसता कुरकुरत होता.

"ते रान कुणाचंय?" वर्षाराणीनं विचारलं.

"माजं."

"म्हंजी सायबाला शेत बी हाय."

"सायेब कुनी न्हाय," कृष्णराज म्हणाला. "शेतच हाय."

खालून गोरोबांचा आवाज येत होता, महांतप्पांचा येत होता, आणि सगळ्यांच्या वर आण्णासाहेबांचा येत होता. पोरगी भेदरली का, पोरानं काही आगळीक केली का, असा कालवा चालला होता. कृष्णराजनं तिकडं लक्ष दिलं नाही.

"आन शिट्टी?" त्यानं विचारलं.

"पुन्यात आठ म्हैने होते म्या. कंपनीनं मानसं कमी केली. दोन वरसं झाली, घरीच हाय. आमची तूर हाय, डोंगराकडंला. आईचा गुडगा धरलेला न्हाय. ती रानात बसली, म्हनून मला येता आलं." ती एका दमात बोलली आणि मग म्हणाली, "खोटं बोलून लई कटाळा आला व्हता."

कृष्णराजला हसू फुटलं. सकाळपासून छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला, असं त्याला वाटलं. "मग आपुन सारकंच की," तो म्हणाला.

वर्षाराणी हसली नाही. "म्हनून तर शेतकरी नको म्हनलं. ती अट माज्या बापाची न्हाय, माजी हाय. ज्या पोरींनी रान बगितलं न्हाय, त्या नखऱ्यापायी नको म्हनत असतील. मला सगळं ठावं हाय. पावसात माळा गळतो तवा कुठं सरकून बसायचं, तेबी ठावं हाय."

हा अठरावा नकार होता. तोंडासमोर बसून दिलेला पहिलाच, आणि त्यातला शब्द न् शब्द त्याला पटत होता. त्याला इतकं वाईट वाटलं की तेवढं मागच्या सतरा नकारांचं मिळून वाटलं नव्हतं.

पाळणा हिसका देऊन खाली आला. चालवणारा माणूस कडी काढता काढता कृष्णराजच्या तोंडाकडं बघत राहिला. "आरं, तू आण्णासायबाचा न्हवं? काल कंपाउंडावरनं मालकाचा उद्धार करत व्हतास. तुला आत कुनी सोडलं?"

गोरोबांनी महांतप्पांकडं बघितलं. महांतप्पा लगबगीनं उंटाकडं निघाले.

"पाव्हणं," गोरोबा आण्णासाहेबांना म्हणाले, "ही फसवनूक झाली."

"झाली," आण्णासाहेब म्हणाले. "पन तुमची पोरगी शिट्टी झ्याक मारती."

पुढची बाचाबाची ऐकायला कृष्णराज थांबला नाही. लग्न तर बुडालंच होतं, निदान हरभरा तरी वाचवावा. तो इमूंच्या पिंजऱ्यामागून पळाला, कंपाउंडवरून उडी मारली, खाकी शर्ट तारेत अडकून फाटला, तो तसाच फाटू दिला आणि तीन शेतं तुडवत रानात शिरला.

हरणं हाकलण्याचं एक गणित आहे आणि ते एकट्या माणसाला सुटत नाही. एका बाजूनं गेलं की ती दुसऱ्या बाजूला जातात, विहिरीला वळसा घालतात आणि परत तिथंच येतात. दोन टोकांना दोन माणसं लागतात. पूर्वी दुसऱ्या टोकाला आण्णासाहेब असायचे. पाच वर्षांमागं त्यांचे गुडघे गेले, तेव्हापासून कृष्णराज एकटाच दोन्ही टोकांना पळायचा. आजही तो तसाच पळाला. हरणं आरामात पश्चिमेला गेली, विहिरीला वळसा घातला आणि बुजगावण्यापाशी येऊन उभी राहिली. दुसऱ्या फेरीत त्याचा दम उखडला. तो गुडघ्यावर हात ठेवून वाकला.

तेवढ्यात पश्चिमेकडून शिट्टी आली.

वर्षाराणी बांधावर उभी होती. ओढणी कमरेला बांधलेली, चपला हातात. पार्काच्या कंपाउंडातल्या ज्या भगदाडातून हरणं रोज येत, त्याच भगदाडातून ती आली होती. तिनं एक चप्पल भिरकावली, ती काळविटाच्या पुढ्यात पडली, आणि कळप वळला. कृष्णराजनं इकडून आवाज टाकला. ती तिकडून दाबत आली, हा इकडून दाबत गेला. पाच मिनिटांत चाळीस हरणं रानाबाहेर पडली आणि उड्या मारत डोंगराला लागली. पार्काच्या ट्रॉलीतल्या लोकांनी ती बघितली आणि टाळ्या वाजवल्या. त्यांचे पैसे वसूल झाले.

दोघं बांधावर बसले. वर्षाराणीनं चप्पल शोधून आणली, एक हरभऱ्याचं रोप उपटलं आणि घाटे सोलून खायला लागली.

"अर्धा एकर गेला," कृष्णराज म्हणाला.

"तेवडा न्हाय. मुळं हायत, फुटंल," ती म्हणाली. "आन ह्यावर लगीच खूश हू नका. कुनाचंबी रान असतं तरी म्या धावले असते."

"म्हाईत हाय." कृष्णराजनं फाटक्या बाहीनं तोंड पुसलं. "खोटं बोलून आलो, ते चुकलं. पन आता खरं सांगतो, मला तुमी पायजे. पाच वरसं म्या ह्या रानात एकटा वरडतोय. आज त्या टोकाकडनं आवाज आला, तवा मला रडू आलं."

त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. वर्षाराणीनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं नाही.

"सोलरचं, झटका देनारं कुंपन का घातलं न्हाय?" तिनं थोड्या वेळानं विचारलं. "सगळे घालाय लागलेत."

"आण्णा म्हनतात, कशाला? तू हायस की."

ती घाटे सोलायची थांबली. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं, सकाळपासून पहिल्यांदाच खाकी शर्टाच्या आतल्या माणसाकडं.

"हे बगा," ती म्हणाली, "मधे त्ये कंडक्टर काका नकोत. उद्या तुमी सोता आमच्याकडं या. सा दीस आमच्या तुरीची राखन करा, आईला आन मला घरी झोपू द्या. तवर हितं तुमच्या आण्णांना बसू द्या माळ्यावर. सा दिसांनी त्येंनी कुंपन घातलं न्हाय, तर माजं उत्तर पाळण्यातलंच."

"आन घातलं तर?"

"मग बोलू."

बांधावरून माणसं येताना दिसली. पुढं आण्णासाहेब, धोतर खोचून, लंगडत. मागं कमलबाई, आणि त्यांच्या मागं गोरोबा, तोंड फुगवून. महांतप्पा उंटाच्या बाजूनंच कुठंतरी गडप झाले होते.

"किती खाल्लं?" आण्णासाहेबांनी दुरूनच विचारलं.

"पोराचं लगीन बुडालं आन तुमी हरभरा इचारताव," कमलबाई म्हणाल्या आणि मटकन बांधावर बसल्या.

गोरोबा आले ते लेकीला उठवून न्यायलाच. पण येता येता ते वाकले, हरभऱ्याचं एक रोप हातात धरलं, घाटे मोजले आणि माती चिमटीत घेऊन बघितली. "बियानं कंचं हाय?" त्यांनी विचारलं. विचारल्यावर त्यांना आठवलं की आपण रागात आहोत, मग त्यांनी रोप सोडून दिलं.

कृष्णराज उभा राहिला. "आण्णा, म्या उद्या उमरग्याला चाललो. सा दीस. पाव्हण्यांच्या राखणीला."

"आन हितली राखन?"

"तुमी करा."

"माजं गुडगं..."

"मग कुंपन घाला, आण्णा. म्या सोळा वरसं कुंपन व्हतो. आता न्हाय."

कृष्णराज वडिलांपुढं असं कधी बोलला नव्हता. कमलबाईंनी पदर तोंडाला लावला. गोरोबा उगाच टोपी झटकायला लागले. आण्णासाहेबांनी पोराकडं बघितलं. त्याचा फाटलेला शर्ट, मातीनं भरलेले नवे बूट, कानावरचे दोन पांढरे केस. ते केस त्यांनी आजवर बघितलेच नव्हते. शेवटी त्यांनी गोरोबांकडं तोंड केलं.

"तुमच्यात काय पेरलंय?"

"तूर," गोरोबा म्हणाले.

आण्णासाहेबांनी मान डोलावली. मग पोराच्या खांद्यावरचं हरभऱ्याचं पान झटकलं आणि हात तिथंच ठेवला.

"तुरीला डुकरं येत्यात," ते म्हणाले. "माजी मोठी बॅटरी घिऊन जा. तुजीचा उजेड बांधापल्याड पडत न्हाय."